पूर्वेच्या खिडकीतला होया : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

मावशी आज उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरहून पुण्यात आली. पिशवीत लोणच्याच्या बरणीशेजारी, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होया, सुगंधी फुलांचा वेल. दोन फांद्या, साधारण चार-चार फुटांच्या, खाली मुळं धरलेल्या. पानं समोरासमोर जोडीने, जाड, मेणाचा हात फिरवल्यासारखी तुकतुकीत. तिच्या गॅलरीत हा वेल वीसेक वर्षं आहे आणि दर उन्हाळ्यात फुलतो. म्हणजे या फांद्या वयात आलेल्या झाडाच्या आहेत. अगदी कोवळ्या रोपापासून सुरुवात केली तर फुलं दिसायला तीन-चार वर्षं सहज जातात, त्यातला बराच काळ वाचेल.

एका फांदीवर पानाच्या बेचक्यातून निघालेली, बोटाच्या पेराएवढी वाळकी काडी आहे. मी विचारायच्या आतच मावशी म्हणाली, "अगं, हा फुलांचा खुंट. गेल्या उन्हाळ्यात याच्यावरच झुपका आला होता, पुढचाही याच्यावरच येणार. पानं गळली तर गळू देत, याला मात्र हात लावू नकोस."

घरात सुगंधी वेल हवा होता. जाई-जुई हा पहिला विचार, पण त्यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेवढं कुठल्याच खिडकीत येत नाही. ग्रिलच्या बाहेर कुंड्या टांगायला सोसायटीची परवानगी नाही, आणि खालून माणसं जातात त्यामुळे ते बरोबरच आहे. होया घराच्या आत, चांगल्या उजेडात फुलतो. तो इथे फुलवायचा, आणि काय केल्याने काय झालं ते तारखेनिशी लिहून ठेवायचं.

२५ नोव्हेंबर २०२३

लागवड झाली. आमचा होया कार्नोसा जातीचा, मूळचा दक्षिण चीन, तैवान आणि जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचा. तिथे तो झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर चढतो. पेरांना मुळं फुटतात ती सालीला धरून राहायला. जमिनीतल्या चिकणमातीत हा वेल वाढलेलाच नाही, त्यामुळे बागेतली काळी माती यात अजिबात घातली नाही.

मिश्रण असं : नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, लोणारी कोळशाचा चुरा एक भाग, पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) एक भाग, जुनं गांडूळखत एक भाग. सोडणाचे तुकडे दोन रात्री पाण्यात भिजवून, पाणी बदलून वापरले, कारण त्यात क्षार असतात. कुंडी पाच इंची, खाली भरपूर भोकं असलेली. मोठी कुंडी घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेला भाग ओलाच राहतो आणि तिथून कूज सुरू होते. होयाची मुळं दाटीत खूश असतात.

वेलाला आधार म्हणून वेताची कडी बसवली. फांद्या कडीवर चढवताना एक पान मोडलं आणि पांढरा चीक आला. हा रुईच्याच कुळातला. चीक त्वचेला चुरचुरतो, डोळ्याला लागू द्यायचा नाही.

१० डिसेंबर २०२३

आता मुख्य काम, जागा ठरवण्याचं.

इंग्रजी पुस्तकांत "दक्षिणेच्या खिडकीत ठेवा" असा सल्ला सर्रास असतो. तो लिहिणारी माणसं साधारण पन्नास अंश अक्षांशावर राहतात. लंडनमध्ये डिसेंबरातला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो आणि उन्हाळ्यातही तो दक्षिणेलाच राहतो. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. इथे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी चक्क उत्तरेला असतो. म्हणजे आमच्या दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन आत सोफ्यापर्यंत येतं, आणि जूनमध्ये छज्जामुळे एक तिरीपसुद्धा येत नाही. वेलाला फुलं येतात उन्हाळ्यात. हिवाळ्यात ऊन देणारी खिडकी त्याच्या काय कामाची?

म्हणून आपल्याच घराचा उजेड मोजायचा. हॉलच्या पूर्वेच्या खिडकीतला कवडसा जमिनीवर कुठे पडतो ते सकाळी आठ, नऊ आणि दहाला पेन्सिलने फरशीवर आखलं, शेजारी तारीख टाकली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आधी भुवया उंचावल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "दहाची रेघ राहिली गं, मी आखते."

आज सूर्य आग्नेयेकडून उगवतो आणि त्याच बाजूला समोरची सात मजली इमारत आहे. नऊपर्यंत ऊन तिच्याआड. मग तासभर येतं, संपतं.

फोनमधल्या लक्स (उजेडाचं माप) मोजणाऱ्या ॲपने सकाळी साडेनऊला मोजलेले आकडे : खिडकीच्या कट्ट्यावर, थेट ऊन नसलेल्या कोपऱ्यात, ६,००० लक्स. तीन फूट आत १,२००. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यांच्या मते झाड शोभून दिसेल, १२०. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतो. डोळ्यांना या तिन्ही जागा उजेडाच्याच वाटतात, कारण डोळा कमी उजेडाशी लगेच जुळवून घेतो. पानाला ते जमत नाही. घरातली झाडं फुलत नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं. खत, टॉनिक, गाणी ऐकवणं हे सगळं नंतरचं.

तूर्तास वेल पूर्वेच्या कट्ट्यावर.

१५ जानेवारी २०२४

संक्रांत. पाणी फारच कमी केलंय. रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो आणि वेल थांबलेला आहे. पाणी केव्हा द्यायचं हे वारावरून ठरवत नाही. खालचं एक जुनं पान दोन बोटांत धरून हलकं वाकवते. कडक असेल तर पाणी नको. चामड्यासारखं मऊ पडून सहज दुमडायला लागलं की भरपूर पाणी, खालच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी लगेच ओतून टाकायचं. पानातच पाण्याचा साठा असतो, त्यामुळे तहान त्याला थोडी चालते. मुळं सतत ओली राहिली तर तीन-चार आठवड्यांत संपतात.

नव्या कवडशाच्या रेघा डिसेंबरच्या रेघांपासून बोटभर सरकल्यात.

११ फेब्रुवारी २०२४

सोसायटीतल्या एका मुलीने विचारलं म्हणून तिच्याबरोबर नर्सरीत गेले. बदामाच्या आकाराचं एकच जाड पान, छोट्या कुंडीत उभं खोवलेलं, लाल रिबन बांधलेलं. हाही होयाच, केरी जातीचा. फेब्रुवारीत अशी पानं सगळीकडे दिसतात. तिला सांगितलं ते इथेही लिहिते : पानाला मुळं फुटतात आणि ते एकटं पान वर्षानुवर्षं हिरवं राहू शकतं, पण पानाखाली खोडाचा पेराचा तुकडा नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. नर्सरीतल्या दादांना सांगितल्यावर त्यांनी आतून दोन पानांचं, मध्ये पेर असलेलं रोप काढून दिलं. तिने तेच घेतलं. किंमत दुप्पट, पण ते झाड तरी आहे.

९ एप्रिल २०२४

गुढीपाडवा. गुढी उभारताना कळलं की वेलाने गेल्या पंधरवड्यात दोन लांब शेंडे सोडलेत. एकही पान नाही, नुसती तांबूस दोरी, त्यातली एक तर हातभर. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांना ती रोगट वाटली. "छाटून टाक बाई, ताकद फुकट चाललीय." काकूंचा गुलाबावर हात बसलाय आणि गुलाबाला ते बरोबर आहे. होयाचं उलट असतं. तो आधी आधार शोधणारी दोरी पुढे पाठवतो, ती कशाला तरी विळखा घालते, मग मागाहून पेरापेराला पानं येतात. खुंटही पुढे याच फांद्यांवर येतात. त्यामुळे छाटणी नाही. दोन्ही शेंडे कडीवर सोडले, ज्या बाजूला ते आपणहून वळत होते त्याच बाजूला. उलट गुंडाळले तर रात्रीत सुटतात.

खत सुरू केलं. १९:१९:१९ विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखे), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी साधं पाणी घालून मग. झाडांच्या सालीवर जगणाऱ्या वेलाला मिळतं किती? पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून येईल तेवढंच. शेताच्या मात्रेने दिलं तर मुळं जळतील.

१५ मे २०२४

दुपारी गच्चीत जाऊन उभी राहिले. सावली पायाखाली. आता सूर्य उत्तरेकडे जाईल.

पूर्वेच्या खिडकीत तो आता ईशान्येकडून उगवतो, आणि त्या बाजूला इमारत नाही, फक्त शाळेचं मैदान. सहा वाजून गेल्यावर कोवळं ऊन थेट वेलावर, ते साडेनऊपर्यंत. कट्ट्यावर दिवसभरात कधीही पाच हजारांच्या खाली आकडा नाही. डिसेंबरात जी खिडकी तासाभराचं ऊन देत होती ती आता तीन तासांहून जास्त देतेय. दक्षिणेची गॅलरी मात्र काळवंडलीय. डिसेंबरातला अंदाज रेघांनी खरा ठरवला : या घरात फुलांची खिडकी पूर्वेची.

पश्चिमेला आमची फक्त न्हाणीघराची खिडकी आहे. पश्चिमेचं मे महिन्यातलं चारचं ऊन पानं भाजतं, त्यामुळे तिचा विचारही नाही.

चाळीसच्या आसपास तापमान आहे आणि वेल पुन्हा थबकलाय. कार्नोसाला एवढी उष्णता आवडत नाही, बंगळूर त्याला आपल्यापेक्षा मानवतं. खत थांबवलं, पाणी सकाळी लवकर. खिडकीच्या बाजूचा पडदा अकरानंतर ओढते, कारण भिंत तापते.

२८ जुलै २०२४

महाबळेश्वरला दोन दिवस. जंगलातल्या वाटेवर, शेवाळलेल्या खोडावर दोन पुरुष उंचीवर, आपला सह्याद्रीतला होया पाहिला. होया वायटी. मद्रासकडे काम केलेले स्कॉटिश डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्या नावाचा. पश्चिम घाटातली ही जात घरातल्या होयाची चुलत बहीण आहे. पानं कार्नोसापेक्षा लहान.

मी तिथे बराच वेळ उभी होते. मुळं खोडाच्या भेगांत आणि शेवाळात घुसलेली, माती नावालाही नाही. धो धो पाऊस पडतो, पण पाणी सालीवरून निथळून जातं आणि वारा लागला की तासाभरात मुळं कोरडी. वरून पानांच्या जाळीतून येणारा उजेड, अंधार अजिबात नाही. घरातल्या कुंडीत आपण जे काही करतो ते या खोडाची नक्कल असतं : सोडणाचे तुकडे म्हणजे साल, कोळसा म्हणजे भेगा, पडदा म्हणजे वरची फांदी. हे डोळ्यांनी पाहिल्यापासून पाणी देण्याबद्दलची धाकधूक गेली. ओलं आणि कोरडं, दोन्ही आलटून-पालटून, यातच त्याचा जन्म गेलाय.

काही जण अशा वेली ओढून घरी आणतात. कृपा करून आणू नका. जंगलातली फांदी घरात बहुतेक वेळा जगत नाही, आणि खोडावर ती जागा पुन्हा भरायला फार वर्षं लागतात. नर्सरीत लागवड केलेल्या कितीतरी जाती मिळतात.

४ ऑगस्ट २०२४

आमचं बोअरचं पाणी जड आहे, पानांवर पांढरे डाग आणि कुंडीच्या काठावर चुन्याचा थर येतो. गच्चीवर बादल्या ठेवून पावसाचं पाणी साठवलं, गाळून कॅनमध्ये भरलं. पानं ओल्या सुती फडक्याने पुसली. तीन नवीन पेरांवर पानं उलगडलीत. आकडा : वेलाची एकूण लांबी, दोन्ही फांद्या मिळून, साडेतेरा फूट.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. शेंड्यांवर पिवळेधमक मावा, पाय काळे. रुईवर आणि कण्हेरीवर जो असतो तोच. मैदानाच्या कुंपणाला रुई भरपूर आहे, पंख फुटलेले मावे तिथून आले असणार. कुळ एकच, त्यामुळे चीक त्यांना ओळखीचा. त्यांच्या मागोमाग मुंग्या, त्यांनी सोडलेल्या गोड चिकट रसासाठी.

आधी न्हाणीघरात नेऊन पाण्याच्या धारेखाली धुतलं, बोटांनी निपटून काढले. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब, संध्याकाळी फवारलं. उन्हात फवारलं तर पानं करपतात. चार दिवसांनी पुन्हा. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचे दोन कापसासारखे पुंजके सापडले, ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकोरण्याच्या कापसाने टिपले. खुंटाजवळ फवारा न मारता फक्त पुसलं.

कुंडीखालच्या स्टँडच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या, जुन्या घरांत दुभत्याच्या कपाटाला ठेवायचे तशा. मुंग्या बंद झाल्या.

२२ डिसेंबर २०२४

वर्षातला सगळ्यात लहान दिवसांपैकी एक. कवडशाची रेघ बरोबर गेल्या डिसेंबरच्या रेघेवर आली. आईंनी मला हाक मारून दाखवली.

काकू म्हणाल्या, आता तुमच्या दक्षिणेच्या गॅलरीत मस्त ऊन आहे, दोन महिने तिकडे हलव. विचार केला आणि नाही हलवला. कारण असं : होयाला हिवाळ्यात थोडी विश्रांती लागते. थंड रात्री आणि कोरडी मुळं, हे दोन्ही एकत्र आलं की पुढच्या फुलोऱ्याची तयारी होते. पूर्वेची खिडकी तेच देते आहे, आणि मार्चपासून ऊन वाढतं तेही तिथेच. शिवाय पानं उजेडाकडे तोंड करून बसलीत. कुंडी फिरवली की सगळी पानं पुन्हा वळवण्यात त्याचा काळ जातो. रात्री खिडकीची काच थोडी उघडी ठेवते. पारा खोलीत चौदापर्यंत उतरतो. पाणी जवळजवळ नाही.

९ मार्च २०२५

खुंट हलला. मावशीने दाखवलेली ती वाळकी काडी टोकाशी हिरवी झालीय, आणि टोकावर मोहरीएवढ्या दाण्यांचा गुच्छ. दुसऱ्या फांदीवर, गेल्या वर्षीच्या तांबूस दोरीवर, पानाच्या बेचक्यात नवा खुंट निघतोय. भिंग घेऊन तीनदा पाहिलं, खात्री करून घेतली. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "आता महिनाभर त्याला एकटं सोड. पाणी विसरू नकोस आणि कुंडी वळवू नकोस."

खत बदललं : ०:५२:३४, लिटरला अर्धा ग्रॅम. द्राक्षबागायतदार घडांच्या वेळी वापरतात तेच, त्यांच्यापेक्षा फार कमी मात्रेत. नत्र आता नको, नाहीतर वेल पानांकडे वळेल.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा. कळ्या वाटाण्यापेक्षा जरा लहान, फिक्या गुलाबी, पाचकोनी. जुन्या खुंटावर चोवीस, नव्यावर सतरा. नव्यावरच्या चार गळाल्या, पहिल्या खेपेला तसं होतं.

आज पाहुणे होते आणि घरातल्या सगळ्यांना वेल हॉलच्या मध्यभागी हवा होता. आईंनीच नकार दिला. कळ्या धरलेला होया हलवला, उजेडाची दिशा बदलली, की कळ्या पिवळ्या पडून गळतात. मुळं एकदा जरी पूर्ण सुकली तरी तेच. त्यामुळे पाहुणेच खिडकीपाशी उभे राहून बघून गेले.

३० एप्रिल २०२५

अक्षय्य तृतीया. काल संध्याकाळी जुन्या खुंटावरच्या सात कळ्या उघडल्या, आज पहाटेपर्यंत सगळ्या.

फूल बोटाच्या नखाएवढं. बाहेरचा तारा पाच पाकळ्यांचा, फिका गुलाबी, वर बारीक मखमली लव. त्याच्या आत दुसरा तारा, काचेसारखा पांढरा, मध्यभागी डाळिंबी ठिपका. रुईचं फूल हातात घेऊन मधला मुकुट पाहिला असेल तर ही रचना ओळखीची वाटेल. रुईसारखेच इथेही परागकण सुटे नसतात, पिवळ्या पिंडांच्या जोड्या असतात. कीटकाचा पाय फटीत अडकतो आणि तो पिंडांची जोडी ओढून नेतो. जपानच्या अमामी बेटावर रात्री पाळत ठेवून पाहिलं गेलं तेव्हा कार्नोसाचे पिंड मोठ्या निशाचर पतंगांच्या पायांना चिकटलेले सापडले. ते समजलं की सुगंधाचं वेळापत्रकही समजतं.

ते वेळापत्रक आम्ही आज टिपलं. दुपारी चार : नाक फुलाला लावलं तरच किंचित. सात : दोन हातांवरून येतो. साडेआठ : हॉलभर. दहा : स्वयंपाकघरातही, आणि इतका दाट की आईंनी झोपायच्या खोलीचं दार लोटून घेतलं. पहाटे सहा : विरलेला. वास मोगऱ्यासारखा धारदार नाही. त्यात मध आहे, थोडं कोको आहे, आणि शेवटाला मसाल्याची एक कड. झोपायच्या खोलीत मी हा वेल ठेवणार नाही, पण हॉलमध्ये जेवणं आटोपल्यावर पंखा मंद करून बसलो की दिवसभराचा शिणवटा जातो. शेजारचे काका-काकू आज साडेनऊला फक्त वासासाठी येऊन बसले होते.

४ मे २०२५

प्रत्येक फुलाच्या मधोमध मधाचा थेंब. रात्री टपकतो, कट्टा चिकट होतो. खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं. वाट्यांमुळे मुंग्या नाहीत.

आज आईंचा साधा प्रश्न होता : देवाला वाहायचं कसं? आपल्याकडे सुवासाचं फूल खुडायचं असतं, ओंजळीत, गजऱ्यात, देवापुढे. झुपका तोडला तर खुंट जातो आणि पुढची सगळी फुलं जातात. मी मावशीला विचारलं. तिचा रिवाज असा की झुपक्यातलं एकेक फूल त्याच्या बारीक देठासकट नखाने हलकेच खुडायचं, खुंटाला धक्का न लावता. आईंनी पाच फुलं खुडली, तुळशीच्या पानावर ठेवून वाहिली. खुडलेली फुलं पाण्यात चार दिवस टिकतात आणि रात्री वासही देतात, हे मात्र आम्हाला नवं होतं. राहिलेला झुपका तसाच भरगच्च दिसतो.

२७ मे २०२५

मोसमी पाऊस काल पुण्या-मुंबईत पोचला, मे महिन्यात. त्याआधीचे काही दिवसही भिजलेलेच होते. दमट हवेत नव्या खुंटावरची फुलं कालपर्यंत टिकली, जुन्यावरची दहा-अकरा दिवसांत मिटून गळाली होती. गळालेली फुलं उचलली, देठांचे उरलेले तुकडे आपोआप पडू दिले. दोन्ही खुंट हिरवे आहेत. तिथे पुढच्या कळ्यांच्या खुणा भिंगातून दिसतात.

पडदा आता दिवसभर उघडा, ढगांमुळे कट्ट्यावर ३,००० लक्सच मिळतात. ०:५२:३४ सुरूच, मात्र वीस दिवसांनी एकदा. पाण्याचे कॅन भरून घेतले.

१३ जुलै २०२५

जुन्या खुंटावर पुन्हा अठरा कळ्या. खुंट एका हंगामात दोनेक मिलिमीटरने लांबला.

काकूंना आता वेल हवाय. आज त्यांच्यासाठी दोन तुकडे काढले, प्रत्येकी दोन पेरांचे, पूर्ण पिकलेल्या फांदीचे, खुंट नसलेल्या भागातले. चीक थांबेपर्यंत अर्धा तास सावलीत ठेवले. खालच्या पेराची पानं काढली, पेर ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) गाडलं, वरून पारदर्शक डबा झाकला, दिवसाआड हवा दिली. या हवेत साधारण महिन्याभरात मुळं दिसायला हवीत.

काकूंचा फ्लॅट आमच्या समोरचा, त्यांच्या हॉलची खिडकी पश्चिमेला. तिथे चारचं ऊन अडवायला ग्रिलच्या आतून पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधावी लागेल, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागापुरतीच. काकांनी माप घेतलंय. काकूंनी आज संध्याकाळी पाच आणि सहाच्या रेघा आखल्या. वर्षभराच्या रेघा पुऱ्या होईपर्यंत त्यांचे तुकडे आमच्याच कट्ट्यावर वाढतील, कारण मुळं धरून नीट वाढीला लागायला त्यांना तेवढा काळ लागणारच आहे. मावशीला फोटो पाठवले. तिने विचारलं, पश्चिमेच्या खिडकीसाठी तिच्याकडची दुसरी, जास्त ऊन सोसणारी जात पाठवू का. दिवाळीत येताना घेऊन ये म्हटलं.